जावयाच्या बोटांवरची फूटपट्टी

३ मार्च
जावई विमान शिकणार! आमच्याच फ्लाइंग क्लबात, आणि शिकवणार कोण, तर मी. हा दातांचा डॉक्टर. लोकांच्या जबड्यात वाकून वाकून पाठीला पोक आलाय आणि म्हणे आकाशात जायचंय. हिने दारातच बजावलं — "जावयाला अरे-तुरे करू नका हं!" जमिनीवर नाही करणार, म्हटलं.

७ मार्च
प्रत्येक गोष्ट तोंडाने म्हणतो! "आता इंधन बघतो. आता वेग बघतो." विमानाला काय कान आहेत? आणि सूर तोच, पेशंटला खुर्चीत आडवं करतानाचा. "सैल सोडा, काही होत नाही." हे तो स्वतःच्याच हाताला सांगत होता! मी हसलो. चांगला मोठ्याने.

१५ मार्च
आज स्टॉल. साडेतीन हजार फुटांवर. वेग कमी करत नाक वर नेत गेलं, की एका क्षणी पंखांची हवेवरची पकड सुटते आणि विमान खाली बसतं. उपाय एकच — हातातला दांडा, म्हणजे स्टिक, पुढे ढकल, नाक खाली, इंजिनाला पूर्ण जोर. समोर जमीन दिसते म्हणून घाबरून मागे खेचलंस, की संपलास.

जावयाने खेचलं. अर्थात! फूटपट्टी बसली बोटांवर. बावीस वर्षं हीच लाकडी फूटपट्टी आहे माझी.

"बाबा, इथे सावरायला उंची आहे. खाली, उतरताना झालं तर?"

"तर तुझ्यासारखे खेचतात. माझ्यासारखे ढकलतात."

१६ मार्च
लेकीचा फोन. "बाबा, त्यांची बोटं सुजलीत. उद्या दाढ काढायचीय एकांची." म्हटलं, दुसऱ्या हाताने काढा म्हणावं.

२९ मार्च
उतरण्याआधीचं शेवटचं वळण. चारशे फूट. वारा मागून ढकलत होता, जावई धावपट्टीच्या रेषेपलीकडे वाहवत चालला. "सोड! बघ, असं करतात." स्टिक मी घेतली. वळण आवळलं, आणखी आवळलं. तोंडाने त्याची अक्कल काढणं चालूच! वेगाच्या काट्याकडे बघितलंच नाही. स्टॉलच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. डावा पंख एकदम खाली कलला. काचेत नुसती जमीन.

मी खेचलं.

मी! दोन्ही हातांनी! मग त्याचा हात माझ्या हातांवर आला आणि सगळा जोर लावून त्याने स्टिक पुढे दाबली. "नाक खाली. जोर पूर्ण. उजवा पाय पेडलवर. पंख सरळ." तोच शांत, चीड आणणारा सूर. "बाबा, सैल सोडा." सोडलं. झाडांच्या शेंड्यांवरून निघालो. पुन्हा फेरी मारून विमान त्यानेच उतरवलं. मी कितीतरी वेळ पट्टा सोडवण्याचं सोंग करत बसलो.

३० मार्च
टॉवरवाल्याने विमान कलंडताना बघितलं होतं. मुख्य प्रशिक्षकाने माझ्याकडे लेखी अहवाल मागितलाय. खरं लिहिलं तर शिकवणं बंद, आणि मला दुसरं येतं काय?

लेक-जावई जेवायला आले होते. जावई सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी होती. बाबांनी सावरलं." ही माझ्याकडे कौतुकाने बघत राहिली. लेकीने डोळे पुसले. शहाणा! मला भीक घालतो! हात धुताना त्याला गाठलं. म्हणाला, "तुम्ही लिहाल त्यावर मीही सही करतो."

ह्याच्यापेक्षा त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ एप्रिल
अहवाल तीनदा लिहिला. तिन्ही वेळा वाऱ्याचाच दोष निघाला. वारा बिचारा सही करायला येत नाही! फाडून टाकले.

२ एप्रिल
अहवाल दिला. दोन ओळी. "खेचलं मी. सावरलं त्याने." खाली माझ्या एकट्याची सही.

तसाच त्याच्या दवाखान्यात गेलो. फूटपट्टी त्याच्या हातात दिली आणि उजवा हात पुढे केला. मूठ काही उघडेना. त्याने फूटपट्टी बाजूला ठेवली आणि माझं एकेक बोट सोडवत म्हणाला, "सैल सोडा, बाबा. काही होत नाही."