हात लागला

बाबा, मी जुलैत बर्लिनला जाऊन आले. शेजारच्या काकूंची मुलगी तिथे नोकरी करते, तिच्याकडे आठवडाभर राहिले. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही दोघी नववीत होतो, एकाच स्कूल बसने जायचो. आता ती तिथे तिघांबरोबर भाड्याच्या घरात राहते आणि मी इथे शारजात एका शाळेत शिकवते. आपल्या घरातली पहिली पदवी माझी. ती तुम्ही बघायला हवी होतीत असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. आज जे सांगायला बसले आहे ते मात्र तुम्हाला सांगताना मला लाज वाटत नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

निघताना काकूंनी माझ्या बॅगेत गोडा मसाला आणि एक लांब दांड्याचा झारा कोंबला. "ती तिकडे काट्याने भजी काढते गं, बघवत नाही." मी तो घाईने टॉवेलात गुंडाळला. तुमचा असाच होता. बर दुबईच्या फरसाणाच्या दुकानात तुम्ही सहा दिवस कढईपुढे उभे राहायचात आणि शुक्रवारी घरी आमच्यासाठी भजी तळायचात. शुक्रवारची दुपार आहे. एसी घरघरतोय, आई कांदा चिरतेय. पिठात मीठ दोनदा पडलंय, कोणी घातलं, असं तुम्ही विचारता. आई म्हणते, मी नाही. तेलातून काढलेला झारा तिच्या दंडावर बसतो, मग पुन्हा बसतो. ती ओट्यावर आपटते, कढई हिंदकळते, तेल फरशीवर येऊन माझ्या पायाशी थांबतं. तिच्या दंडावर ठिपके उठतात, झाऱ्याच्या भोकांचे, ओळीत. तुम्ही झारा सिंकमध्ये टाकून म्हणता, "खलास." दुकानातून घरी आणलेला तो एकच अरबी शब्द. तो आला की विषय संपला, रडणंसुद्धा संपलं. मग आपण तिघं बसून भजी खायचो.

सहावीत मी वर्गातल्या मॅडमना सांगितलं की बाबांनी आईला मारलं. ते तुमच्या कानावर आलं. तुम्ही माझे केस मुठीत धरलेत आणि डोकं फ्रिजच्या दारावर आपटलंत. दारावरचे चुंबक खाली पडले. मग अगदी शांतपणे, पाढे पाठ करून घ्यावेत तसं, तुम्ही म्हणालात, "मारलं म्हणायचं नाही. हात लागला म्हणायचं. म्हण." मी तीनदा म्हटलं. दुसऱ्या दिवशी पिशवी आली. अशा प्रत्येक शुक्रवारानंतर शनिवारी पिशवी यायची. त्या वेळी आईला साडी होती आणि मला मीना बाजारातून आणलेला लाल लोकरीचा कोट. "शिकून युरोपला जायचंय ना तुला? तिकडे थंडी असते," तुम्ही म्हणालात. बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी एसी सोळावर ठेवून तो कोट घालायचे आणि आरशासमोर फिरायचे. मला तो फार आवडायचा, बाबा. हे मी कधी नाकारलेलं नाही.

बर्लिनमध्ये कोट लागला नाही. उन्हाळा होता, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. रोज कुणी ना कुणी भेटायला येई, नाहीतर आम्ही कुणाकडे जात असू. एक दिवस तळ्यावर पोहायला, एक दिवस बागेत गवतावर पडून टरबूज खायला. अनोळखी माणसं पहिल्याच भेटीत मिठी मारायची आणि मी लाकडासारखी उभी राहायचे. त्या सगळ्यांना मी माझ्या वर्गाबद्दल सांगितलं. दुसरीच्या मुलांना मी तळवे वर करायला लावते आणि विचारते, हे हात कशासाठी? मुलं इंग्रजीत ओरडतात, "हेल्पिंग, मिस!" घरात जे झालं ते माझ्यापाशी थांबेल, असं मी त्या गवतावर बसून म्हणाले. मनापासून म्हणाले. मैत्रीण हसली. "आमच्या आदर्श बाई. ह्यांच्यासमोर डास मारायचीसुद्धा चोरी."

शुक्रवारी ऑफिस लवकर सुटलं आणि तिच्या स्वयंपाकघरात दहा माणसं जमली. मी काकूंच्या झाऱ्याने बटाटेवडे तळत होते. ती रंगात आली होती, आमच्या अल नहदातल्या इमारतीच्या गोष्टी सांगत होती. लिफ्टमध्ये अडकलेली बकरी, गच्चीवरचे पापड. लोक हसून लोळत होते. मग ती म्हणाली, "आणि हिचे बाबा! भिंतीपलीकडून आधी धप्प, मग भांडी, मग..." तिने छाती फुगवली, तुमच्यासारखी मान ताठ केली आणि आवाज काढला, "खलास!" हुबेहूब. सगळे हसले. एकाने मागून ओरडून पाहिलं, "खलास!" तिच्या मनात वाईट नव्हतं. लहानपणी ज्याची भीती वाटली त्याची माणूस नक्कल करतोच.

मी म्हणाले, "बास कर."

"अगं, रागावलीस? यल्ला हबीबी, चल, वडे काढ, जळतील."

मी वडे काढले नाहीत. झारा तेलातून उचलला आणि तिच्या हातावर मारला. ती मागे सरकली, ग्लास फुटला, आणि मी पुन्हा मारला. दुसरा फटका कशासाठी होता ते मला अजून सांगता येत नाही. ती किंचाळली. दुसरं कुणीही बोललं नाही. त्या शांततेत एक शब्द ऐकू आला, आणि तो माझ्या तोंडून आला होता. खलास.

कुणीतरी तिचा हात नळाखाली धरला. घरातली एक मुलगी मला विचारत होती, काय झालं, काय झालं. मी म्हणाले, "इट जस्ट हॅपन्ड." मनात मात्र मी ते मराठीतच म्हटलं होतं, हात लागला. मैत्रिणीने पाण्याखालून हात न काढता माझ्याकडे पाहिलं. "हात नाही लागला," ती मराठीत म्हणाली. "तू मारलंस. मी अख्खं लहानपण त्या भिंतीला टेकून अभ्यास केलाय. मला आवाज कळतो."

शनिवारी सकाळी ती झोपलेली असताना मी बाहेर पडले, दुकानं उघडायची वाट पाहिली आणि तिला आवडेल असा निळा रेशमी स्कार्फ घेतला. पिशवी तिच्यापुढे ठेवली. तिच्या हातावर पांढरी पट्टी होती. तिने पिशवीत डोकावलंही नाही.

"आज वार कोणता?" तिने विचारलं.

मी पिशवी तिच्याकडे आणखी सरकवली.

"शनिवारी तुझे बाबा पिशवी घेऊन यायचे. माझी आई खिडकीतून बघून म्हणायची, आली बघ पिशवी. हे घेऊन जा. काय केलंस ते तोंडाने बोल, मग ये." मी उभी राहिले. शब्द दोनच होते. ते आले नाहीत. रविवारी मी विमानात बसले, पिशवी माझ्याच बॅगेत.

काल काकू शेजारून थालीपीठ घेऊन आल्या. "तिच्या हाताला काय लागलं गं? तेल उडालं म्हणते. तू होतीस ना?" आई माझ्या शेजारी बसली होती, तिचा दंड पदराखाली. मी म्हणाले, "हो काकू, तेल उडालं." आईने माझ्याकडे पाहिलं नाही. थालीपिठाचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. तिला कळलं, बाबा. तिला त्या वाक्याची सवय आहे.

सोमवारी शाळा उघडते. पंचवीस मुलं तळवे वर करतील आणि मला माझेही करावे लागतील. त्याआधी मला शेजारचं दार वाजवायचं आहे आणि मग बर्लिनला फोन करायचा आहे. मी मारलं. दोनदा मारलं. इथे लिहिता येतंय, म्हणजे तिथे बोलता येईल. हा कागद मात्र कुणाला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट मी त्या दोघींनाही सांगणार नाही. झारा बसल्यावर ते सगळं हसू एकदम बंद झालं ना, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं.