माझी सही मिळणार नाही

शिरूर. रविवार, संध्याकाळ.

आज उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीसमोर कागद पुढे केला. आमच्या घरच्या दरोड्यात माझ्या नवऱ्याला मारणाऱ्या तिघांना फाशीची शिक्षा झाली आहे. त्यातल्या धाकट्याच्या दयेच्या अर्जावर मी सही करावी म्हणे.

"क्षमा करणं हा आपला धर्म आहे, बाई."

"केव्हा करायची ते मला ठरवू द्या," मी म्हटलं.

कागद तसाच परत केला. पाणी मागितलं म्हणून ह्यांनी त्या रात्री दार उघडलं होतं. तहानलेल्याला पाणी द्यावं, हेही ह्याच चर्चमध्ये शिकवलेलं ना?

बाहेर त्या पोराची आई बसली होती, दौंडहून सकाळच्या एसटीने आलेली. म्हणाली, "ताई, त्यानं हात न्हाई लावला वो. त्यो नुसता दारात हुता."

"मावशी, दारातून पाणी मागणारा आवाज त्याचाच होता. मी आत होते."

तिला खोटं का सांगायचं मी? पण तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

घरी भाऊजी खूश. "बरं केलंत, वहिनी. आता फाशीच पाहिजे असं वकिलाकडं लिहून द्या."

"त्यावरही सही करणार नाही."

भाऊजी जेवण टाकून उठले. आता दोन्हीकडचे रागावलेत. रागवोत. ह्यांना मारताना मला कुणी विचारलं नव्हतं. त्या पोराला मारायचं की जगवायचं, तेही माझ्या तोंडून कुणी वदवून घेऊ नये.