बर्फ मी ओतून दिला होता

प्रिय आये,

आज कुपा मासा आणला, तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. तो बर्फात ठेवलाय आणि कापायच्या आधी तुला लिहायला बसलेय. तीन वर्षं एक खोटं पोटात घेऊन फिरतेय, आज राहवेना.

बाजारात कल्ले उघडून बघितले, बोटाने दाबून बघितलं, तू शिकवलंस तसं. शहाणी म्हणशील? थांब, पुढचं वाच.

तो मे महिन्यातला रविवार आठवतो? कल्याणहून सासू-सासरे जेवायला यायचे होते. तू अर्धा बाजार टाकून भर दुपारी मानपाड्याला आलीस. हातात अख्खा कुपा, पिशवीत गच्च बर्फ. लिफ्टसमोर पाणी ठिबकत होतं. आणि वर माझ्याकडे सोसायटीतल्या बायका बसलेल्या, सगळ्या मासे न खाणाऱ्या. मी तुला वर घेतलंच नाही. मासा हातातून घेतला आणि ‘बायका आहेत, संध्याकाळी जेवायला ये’ म्हणत खालूनच वाटेला लावलं. साधं पाणी विचारलं नाही गं.

‘बरफान ठेव गो, कुपा लय नाजूक,’ एवढंच बोललीस.

मी काय केलं, सांगू? गाडीत ओल नको म्हणून बर्फ गटारात ओतला आणि मासा डिकीत टाकला. बायका पाचला उठल्या. तोवर कुपा तिथेच तापत होता. कोळ्याची पोर मी. बर्फाविना राहिलेला कुपा अंगाला खाज आणतो हे मला ठाऊक नव्हतं? होतं. पण वास येत नव्हता, म्हटलं जाईल चालून. मधलं काळं मांस काढलं, कोकमाचं आगळ लावलं, लाल मसाल्यात तळला.

जेवण होऊन अर्धा तास झाला नाही तर सासूबाईंचं तोंड लालभडक. मान खाजवून खाजवून हैराण झाल्या बिचाऱ्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी तुझ्याकडे वळून म्हणाले, ‘आये, शिळा दिलास ना?’

तू ताटातला तुकडा उचलून बघितलास. मग म्हणालीस, ‘आसल बाय. माजीच नजर चुकली.’ आणि सासूबाईंना हात जोडलेस.

मी मनाशी धरून चालले, की आयेला सगळं कळलंय, लेकीला सांभाळून घेतलं तिने. या समजुतीवर मी सुखाने जेवत-झोपत होते. निर्लज्जच की!

आज कुपा घेतला तो तुझ्या शेजारी बसायची त्या यमुनामावशीकडून. तोलता तोलता ती म्हणाली, ‘तुजे आयेनी त्या दिसापासून कुपा इकलाच नाय. गिऱ्हाईक आला का माजेकडं धाडायची. बोलायची, माजी नजर गेली, पोरीच्या घरान शिळा मासा दिला.’

म्हणजे तुला खरंच वाटलं होतं, आये? जन्मभर मासा नुसता बघून ओळखणारी तू, माझ्या एका वाक्यावर स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवलास? मला दोन शिव्या का नाही घातल्यास? एकदा तरी विचारायचंस, बर्फ कुठे गेला म्हणून. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं का, तेही मला छातीठोक सांगता येत नाही.

मला तुझी लाज वाटली होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

संध्याकाळी सासूबाई येतायत. ताट वाढायच्या आधी त्यांना सांगणार, तो मासा ताजा होता, मी नासवला. काय बोलायचं ते बोलू देत. आणि उद्या बाजार भरला की यमुनामावशीसमोर, त्या अख्ख्या रांगेसमोर उभी राहून सांगणार, की माझ्या आयेची नजर कधी चुकली नव्हती. तू बसायचीस तिथे आता दुसरी बाई बसते. ती तुला ओळखत नाही, पण तिलाही सांगेन.

तुझी,
मंदा