खोक्यांच्या कारखान्यातली तक्रारपेटी

४ मार्च

झालं! नोटीस आली. बायका अकरा कामाला, तक्रार समिती नाही — पंधरा दिवसांत नेमा, अहवाल द्या, नाहीतर परवान्याचं नूतनीकरण विसरा. वीस वर्षं पुठ्ठ्याची खोकी बनवतोय, एका बाईची एक तक्रार नाही. नसलेल्या दुखण्याला औषध आणा म्हणे!

सल्लागार म्हणाला, "साहेब, चार नावं लिहा, एक पेटी टांगा. विषय संपला."

५ मार्च

अध्यक्ष बाईच हवी. हिला बसवलं. कागदोपत्री भागीदार आहेच. पूर्वी चिकटवायच्या टेबलावर स्वतः बसायची. डिंकाच्या वासाने डोकं दुखतं म्हणून बारा वर्षांपूर्वी उठली, ती परत फिरकली नाही. घरचं माणूस बरं. सही मागितली की करते, फाटे फोडत नाही.

बाहेरची सदस्य म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका गाठल्या. त्यांनी माझ्याच पत्रातल्या सात चुका लाल पेनने काढून दिल्या!

९ मार्च

पेटी आपल्याच पुठ्ठ्याची केली होती. नोटीस देणाऱ्या खात्याच्या तपासणीस बाई आल्या, त्यांनी बोटाने दाबली. "ही कोणीही फाडेल." लोखंडी हवी. कुलूप हवं. किल्ली अध्यक्षांकडेच. आणि माझ्या केबिनच्या दारावर नको! मग काय माझ्या डोक्यावर टांगू? खोक्यांच्या कारखान्याने बाहेरून खोकं विकत आणायचं. हसावं की रडावं!

शेवटी चिकटवायच्या खात्यात लावली. ते खातं धाकटा बघतो, माझा भाऊ. म्हणाला, "दादा, आता या बायका आपल्या डोक्यावर मिरे वाटणार." खरंच आहे त्याचं.

११ मार्च

फटीतून डोकावलो. पेटीत खडखडाट. सांगितलं होतं ना!

१५ मार्च

अहवाल टाइप करून आणला. तक्रारी — निरंक. जेवणानंतर हिच्यापुढे ठेवला, पेन उघडून हातात दिलं. हिने पेनाला टोपण लावलं.

"अहो, पेटी उघडल्याशिवाय निरंक कसं लिहिलंत?"

बावीस वर्षांच्या संसारात या बाईने कुठल्या कागदाला नाही म्हटलं नव्हतं! अध्यक्षपद डोक्यात गेलंय, दुसरं काय. चांगला तासभर बडबडलो. ही भांडी आवरत राहिली. धाकटाही जेवायला होता, पण हात धुऊन तडक निघून गेला. एरवी माझी बाजू घ्यायला किती पुढे असतो.

१७ मार्च

ही कारखान्यात आली. मुख्याध्यापिका बरोबर. धाकटा लगबगीने पुढे, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" हिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचित्र वाटलं, लिहून ठेवतो.

बायकांशी दार लावून दोन तास बोलल्या. दोन तास टेबलं रिकामी, उद्याचा माल कोण देणार? घरी विचारलं, काय निघालं? "समितीचं काम गुप्त असतं." माझ्याच घरात माझ्यापासून गुप्त! उद्या शेवटचा दिवस, आणि अहवाल अजून बिनसहीचा. परवाना बुडवणार ही बाई.

१८ मार्च

सकाळी हिने पाकीट हातात दिलं. निरंक खोडलं. दोन लिहिलं.

एक तक्रार चिकटवणाऱ्या नव्या बाईची. दुसरी हिची, बारा वर्षांपूर्वीची. माणूस तोच — धाकटा. पहिलंच वाक्य: "डिंकाच्या वासाने माझं डोकं कधीच दुखलं नाही."