टाकीखाली शिरण्यापूर्वी

हे लिहायचं मी सकाळपासून टाळतोय. आधी टायर तपासले, मग रताळं खाल्लं, मग पुन्हा टायर. आता टाळता येत नाही.

मी, न्कान्दु कापासा, वय तेवीस, गंधकाच्या तेजाबाच्या टँकरवरचा क्लीनर, शुद्धीत राहून हे लिहून ठेवतो. अक्षर वाकडं आहे, म्हणून हे रद्द समजू नये.

टँकरचा आस मोडलाय आणि टाकीचा सांधा गळतोय. खाली ओढा आहे, वस्ती त्याचंच पाणी पिते. मागच्या खेपेला ड्रायव्हर बाशी लुम्बा यांनी रिकाम्या टाकीचं झाकण पावसात उघडं ठेवलं. मी टोकलं, तर म्हणाले, "पाणीच आहे रे. पातळ झालं की मवाळ होतं." झालं उलटं. जहाल तेजाब पोलादाला फारसं खात नाही, पाणी मिसळलेलं खातं. तळाशी उरलेल्यानं सांधा पोखरला, वर नवा माल भरला. बाशी काल मदत आणायला गेले, ते गेलेच.

गळणारं तेजाब ओढ्यात जायच्या आत मारायला चुन्याची पोती मलाच टाकीखाली न्यायची आहेत. सातवीत गुरुजी सांगायचे, आंबट ते आम्ल, चुन्यासारखं बुळबुळीत ते आम्लारी, दोघं भेटले की मीठ आणि पाणी. भेटताना उकळतात, हे मी इथं शिकलो. सातवीनंतर मी शाळा सोडून काबवेला पळालो, तिथं एका बँडमध्ये... ते राहू दे.

माझे फोनमधले पैसे आणि बूट बहीण मुम्बाला. बूट तिला मोठे होतील, विकावेत.

रेडिओ इथं रस्त्याकडेला रताळी विकणाऱ्या बाना चोलामावशींना. त्यावर मावशी म्हणाल्या, "तो बंद आहे. माझ्या गळ्यात मारतोस होय?" सेल घातले की चालतो.

बाशी लुम्बांना झाकणाचा पाना. दुसरं काही नाही.

अंगावर तेजाब उडालं तर पाणी ओतावं, भरपूर, ओततच राहावं. चुना चोळू नये.

कमरेला दोर बांधतोय. वाफेनं भोवळ आली तर ओढून काढायला दुसऱ्या टोकाला दमदार माणूस हवा. मावशींचे गुडघे गेलेत. "मी धरीन," म्हणतात, "पण ओढलं तर मीच आत येईन, बाळा."

साक्षीदार १: बाना चोला (अंगठा)
साक्षीदार २:
सही: न्कान्दु कापासा
चिंगोला-सोल्वेझी रस्ता, ९ जानेवारी २०१९

ता.क. आत्ताच एका ट्रकमधून बाशींची बायको उतरली, पाठीवर पोर बांधलेलं. म्हणाली, "ते येत नाहीत, घरात दडून बसलेत. पोर मावशींकडे देते. दोराचं दुसरं टोक कुठाय?"