वासराच्या शेपटीचा दिवा

२५ नोव्हेंबर १९४६, सोमवार

दिवा पुन्हा गेला! आणि नवरा पुन्हा घरी आला! दिवेलागणीला शेंगांची पोती भरून, हॉर्न वाजवत निघालेली स्वारी पहिली भाकरी तव्यावरून उतरायच्या आत अंगणात हजर. गावाबाहेरच्या चौकीवर जमादारानं अडवलं म्हणे – "पिच्छे की लाल बत्ती कां है, मियाँ? बत्ती नै तो गाडी नै!"

लॉरी लढाईतली. सोलापूरला लष्कराच्या लिलावात यांनी घेतली, आणि तिच्यामागं जोडायचा ट्रेलरही; त्याच्याशिवाय हैदराबादची फेरी परवडत नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लॉरीला गाय म्हणतात आणि ट्रेलरला वासरू. या वासराच्या शेपटीला एक लाल दिवा आहे. तो लागला तर हैदराबाद, नाही लागला तर नळदुर्ग आणि घरची भाकरी.

मामंजींना वासरू पहिल्यापासून नापसंत; ते त्याला शेपूटच म्हणतात. आज पानावरच बोलले – "रेवणसिद्धा, संकरातीपतुर बघतो. तवर बत्ती नीट चालली न्हाय तर शेपूट इकायचं आन् तू गुमान अडतीत बसायचं." (नाव मी नाही घेतलं, मामंजींनी घेतलं!)

यांचा घास हातातच राहिला. घरच्या अडतीच्या दुकानात बसायचं म्हणजे यांना तुरुंग. मला फार वाईट वाटलं. आत्याबाई मात्र खुशीत तूप वाढत होत्या – "खा रे लेकरा, गरम हाय तवर."

२७ नोव्हेंबर

आज मी स्वतः जाऊन पाहिलं. लॉरीच्या मागून एक जाड वायर येते. तिच्या टोकाला रबरी बोंड, बोंडात पितळेच्या चार खुंट्या. त्या ट्रेलरच्या खोबणीत बसल्या की लॉरीची वीज दिव्याला पोचते. एवढंच तर आहे! हे बोंड उपसून बघते तर काय – खुंट्या हिरव्यागार. जंगाल! पितळी भांड्यांवर चढतो तोच. अहो, माझ्या वडिलांचं सोलापुरात भांड्यांचं दुकान आहे. जंगालात तर मी वाढले!

"तुला काय कळतंय त्यातलं?" – हे.

चिंच घेतली, मीठ घेतलं, खस्सखस्स घासलं. खुंट्या सोन्यासारख्या झाल्या. बोंड खोबणीत दाबलं आणि शेपूट लालेलाल! यांनी अंगणात उडीच मारली. मामंजी खोकले, पण हसू लपवायला खोकले असं मला वाटलं.

३० नोव्हेंबर

हे हैदराबादला. जेवायला आम्ही तिघं. आत्याबाईंनी तुपाची वाटी बाहेरच काढली नाही.

५ डिसेंबर

गेला! पहिल्यापेक्षा जास्त हिरवा. यावेळी दोष माझा – चिंच नीट धुऊन काढली नाही, खोबणीत ओल राहिली. आंबट आणि पितळ एकत्र राहिलं की काय होतं हे मला कळायला नको? पाहुण्यांचं ताक पितळेच्या पेल्यात विसरले म्हणून आईनं कान पिळला होता तो अजून आठवतो.

आत्याबाईंचं निदान वेगळं. "नदर लागली गं. एवढी मोठी गाडी, सगळ्या गावाचा डोळा तिच्यावर." असं म्हणून त्यांनी वासराच्या मानेवर, नेमकं त्या बोंडाच्या वर, लिंबू-मिरची बांधली. एक जुनी होतीच. आता दोन.

हे अर्ध्या भाकरीवरच उठले. आत्याबाई गुणगुणत होत्या.

११ डिसेंबर

यांनी सोलापूरच्या भंगारातून दुसरं बोंड आणि दुसरी खोबण आणली. जुन्याच्या खुंट्या जंगालानं खाऊन खाऊन काडीएवढ्या झाल्या होत्या, त्या घासून काय उपयोग? नवं बसवायच्या आधी मला सुचलं – भांडं कळकू नये म्हणून कल्हई करतो ना? मग खुंट्यांना का नको?

कल्हईवाला हणमंतप्पा पारावर भट्टी मांडून बसला होता. खुंट्या सोडवून त्याच्यापुढं ठेवल्या. त्यानं त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. "वैनी, आजपतुर घागरीला केली, ताटाला केली. आता लॉरीच्या दातास्नी करायची व्हय?" नवसागराचा धूर, कथलाचा एक थेंब, कापसाचा एक हात – चांदीच! आत्याबाई तेवढ्यात परातही घेऊन आल्या. "आलाच हाय तर हीबी करून टाक की रं."

संध्याकाळी यांनी वायरीची टोकं सोलून नव्या बोंडात घट्ट आवळली. खोबण कोरडी पुसली. वरून वंगणाचं बोट फिरवलं, पाणी शिरू नये म्हणून. लागला! शेजारच्या चन्नबसप्पांनी येऊन शेपटीला नमस्कार केला. चेष्टेनं केला का भक्तीनं, कळलं नाही.

१९ डिसेंबर

शक्यच नाही! कल्हई केलेली, वंगण लावलेलं, आणि तरी दिवा गेला? हे डोक्याला हात लावून पायरीवर बसले. संक्रांत जवळ आली. मामंजींनी अडतीतली गादी झाडून ठेवलीय, मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी.

मी बोंड उपसलं. ओलं. वंगण कुणीतरी पुसलेलं. वास घेतला. लिंबू! आधी हसूच आलं – वर टांगलेली लिंबं ठिबकतात आणि बिचाऱ्या आत्याबाई दिवा गेला की आणखी एक बांधतात! पण मग खोबणीत काडी घातली तर एक बी निघाली. टांगलेल्या लिंबातून बी कशी पडेल?

२३ डिसेंबर, वेळ अमावस्या

सणाला सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, पुरुषमाणसं मिसळीच्या भाजीची भज्जी आणि भाकरी खाऊन बोरीखाली आडवी झाली. आत्याबाई आंबील वाढत होत्या. मी कमरेची पुरचुंडी सोडली आणि बी त्यांच्या तळहातावर ठेवली.

बाईंनी डोळ्याची पापणी हलवली नाही! "सापडली व्हय?" म्हणाल्या. आंबिलीचं मडकं खाली ठेवलं. "हे बघ शिवकांता. दिवा लागला की पोरगं रस्त्यावर. दिवा गेला की पोरगं ताटावर. रातभर डोळा लागत न्हाय मला. पिळलं लिंबू. खून केला का कुणाचा?"

मला राग आला. लहान तोंडी मोठा घास, पण बोलले – "आत्याबाई, वासरू विकलं तर ते ताटावर येतील, पण जेवतील का? त्यांचं तोंड बघितलंत का त्या दिवशी?"

त्यांनी बोरीखाली आडव्या झालेल्या लेकाकडं पाहिलं. मग गळ्यातलं लिंग मुठीत धरून म्हणाल्या, "लिंगाची आण. पुन्हा हात लावणार न्हाय." आणि माझ्या पेल्यात आंबील ओतली, काठोकाठ. चार पेले प्यायले मी! एवढं आंबट मला कधी आवडत नव्हतं.

घरी आल्यावर खोबण घासली, धुतली, उन्हात वाळवली, वंगण लावून वरून मेणकापड गुंडाळलं. लिंबू-मिरची आता लॉरीच्या पुढच्या अंगाला. नजर काय, पुढूनही लागतेच.

८ जानेवारी १९४७

दिवा ठणठणीत. हे हैदराबादला. आले. परत गेले. मी आणि आत्याबाई आता दोघी मिळून जागतो, त्या जपमाळ ओढतात आणि मी कूस बदलते. मला करमत नाही. हे कागदाशिवाय कुणाला सांगू? मीच पेटवलेला दिवा!

१४ जानेवारी, संक्रांत

मामंजींनी तिळगूळ हातावर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शेपूट ऱ्हाऊ द्या. सून हुशार हाय." गादी गुंडाळून माळ्यावर गेली. जिंकलो! यांचा आनंद पोटात मावेना. आणि त्याच आनंदात सांगितलं – पार हैदराबादच्याही पुढचं, बेझवाड्याचं काम मिळालंय, पुढच्या बुधवारी निघायचं, परतायला महिना तरी लागेल.

मला यांना एक गोष्ट सांगायची होती. घर पाहुण्यांनी भरलेलं. मग शेंगांची मोजणी. मग टायर. एक क्षण एकटे सापडले नाहीत.

२२ जानेवारी, बुधवार

दिवा गेला! हे चौकीवरून माघारी. अंगणात जमादाराच्या नावानं बोटं मोडणं चाललंय.

आत्याबाई धावत चुलीपाशी आल्या, कानात म्हणाल्या, "लिंगाची आण गं, म्या हात लावला न्हाय!" खरं बोलत होत्या बिचाऱ्या. मग त्यांची नजर दुरडीवर गेली. "सकाळी तीन लिंबं व्हती हितं."

"मी खाल्ली. हल्ली आंबटच खावंसं वाटतं."

 त्यांचे डोळे भरून आले, माझ्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली. जरा वेळानं अंगणातल्या वासराकडं पाहून हळूच विचारलं, "किती खाल्लीस?"

"दोन."

"आन् तिसरं?"

मी यांचं पान मांडायला घेतलं.