उद्या हाताची तपासणी आहे

ती. आईस,

बसऱ्याच्या लढाईवरून मी पत्रं टाकायचो ती मास्तर तुला वाचून दाखवायचे. आता तूच राहिली नाहीस, हे कोण वाचून दाखवणार? तरी लिहितो, कारण उद्या पुण्याला डॉक्टरांच्या बोर्डापुढं जायचंय आणि माझी पार घाबरगुंडी उडाली आहे. घरात कुणाला सांगता येत नाही. सगळे माझ्याच तोंडाकडं बघत असतात.

तुला वाटायचं, सरकारनं जखमेची पेन्शन दिली म्हणजे जन्माची दिली. मलाही तेच वाटायचं. तसं नसतं, आई. मधूनमधून बोलावतात, हात बघतात. बरा वाटला तर पेन्शन कमी करतात, नाहीतर बंदच. गोळी लागली ती लागलीच, पण त्यांना आजचा हात बघायचा असतो.

आणि हा हात तूच बरा केलास ना? लढाईवरून आलो तेव्हा मूठ अशी वळलेली, की नखं तळव्यात रुतायची. तू निरगुडीच्या पाल्यानं शेकलंस, करंजाचं तेल कोमट करून एकेक बोट ओढलंस. मी ओरडलो की म्हणायचीस, "बोंबल किती बी, बोट सोडायची न्हाई मी." एवढं कशाला केलंस गं? आज बोटं उघडतात. पण नांगर धरला की थोड्याच वेळात आखडतात, आवणीच्या गार चिखलात भाताच्या रोपांची जुडी गळून पडते. बोर्डाच्या साहेबाला चिखल कुठं दिसणार? त्याला टेबलावर ठेवलेला हात दिसतो.

पलीकडच्या वाडीतले सखानाना गेल्या महिन्यात जाऊन आले. आठवतात ना, माझ्याच पलटणीतले, खांद्याला गोळी लागलेले? दारातून आत गेले तर समोर वर्दीतला डॉक्टर. नानांचा हात आपसूक वर गेला, कडक सलाम. अंगात भिनलेली सवय जाते कुठं? दुखण्यानं दात आवळले, पण सलाम पुरा केला. डॉक्टर म्हणाला, हात तर वर जातो. नानांची पेन्शन बंद झाली. "सायबाला सलाम न्हाई करायचा व्हय?" असं नाना मलाच विचारत होते.

तेव्हापासून तुझ्या सुनेनं, चंद्रानं, तेलाची वाटी फडताळात ठेवून दिली. "अवो, बोर्ड हुस्तवर हात बांधूनच ऱ्हाऊ द्या. पोरांनी खायचं काय?" तिचं चुकतं का? मीही मूठ वळून फडकं घट्ट बांधलं. काल सोडून बघितलं तर करंगळी उघडेना. दुसऱ्या हातानं ओढली तरी उघडेना. आई, लढाईतही मी एवढा भ्यालो नव्हतो. पेन्शन जाईल ही एक भीती. पण हातही गेला आणि पेन्शनही गेली तर?

म्हणून आज सकाळी मीच तेल गरम केलं. चंद्रानं हातातलं काम टाकलं आणि जवळ येऊन बोट धरलं. तिला तुझ्यासारखा जोर नाही. करंगळी अजून अर्धीच उघडते.

उद्या सलाम करीन की नाही, माझं मलाच माहीत नाही. साहेब काय लिहील तेही माहीत नाही. भीती काही जात नाही. एवढं मात्र तुला कबूल करतो, की फडकं घरी ठेवून जाईन. पेन्शन बंद करायची तर साहेबानं करावी. तू उघडलेली बोटं मी मिटणार नाही.

तुझा,
धोंडू